हप्ता तोच ठेवा, प्लॉट थांबू द्या

वाचकाचे पत्र

ताई, आम्ही फोंड्याजवळ कुर्टीला राहतो. सप्टेंबर २०२१ मध्ये इथेच ४४ लाखांना दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. हाउसिंग फायनान्स कंपनीचे ३५ लाखांचे कर्ज, फ्लोटिंग (बदलते) व्याज तेव्हा ७ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता २७,१३६ रुपये. पुढे व्याज साडेनऊपर्यंत चढले आणि हप्ता २८,५०० झाला. आता ९.१ टक्के आहे. परवा स्टेटमेंट आणले तर अजून ३३ लाख २० हजार बाकी, आणि २८४ हप्ते शिल्लक! साडेचार वर्षांत पंधरा लाखांवर भरले, ते गेले कुठे?

आता एक बँक साडेसात टक्क्यांनी कर्ज घ्यायला तयार आहे. मुदत २५ वर्षे, हप्ता २४,५३४. शिवाय ८ टक्क्यांनी १२ लाखांचे टॉप-अप, म्हणजे त्याच फ्लॅटवर वाढीव कर्ज, देते म्हणतात. आमच्या ह्यांना त्या पैशांत पेडण्यात, मोपा विमानतळाच्या बाजूला, दीडशे मीटरचा प्लॉट घ्यायचा आहे. चवथीला दीर दाखवून आले तेव्हापासून घरात तोच विषय. दोन्ही मिळून हप्ता ३३,८०० च्या आसपास जाईल, म्हणजे आजपेक्षा पाचच हजार जास्त, असा ह्यांचा हिशेब. प्लॉटवाला पाडव्यापर्यंत ५० हजार टोकन मागतो. हे ४१ वर्षांचे, कुंडईला कंपनीत; ५८ व्या वर्षी निवृत्ती. मी शाळेत. दोघांचे मिळून ७८ हजार हातात येतात, ३ लाखांची एफडी आहे, एक मुलगी सहावीत. फ्लॅट आणि कर्ज दोघांच्या नावावर. आत्ताची कंपनी म्हणते, कर्ज हलवले तर २ टक्के दंड. मला भीती वाटते, पण बोलले तर ‘तुला व्यवहारातले काय कळते’ असे ऐकावे लागते.

एक वाचक, कुर्टी

ताई,

तुमची भीती रास्त आहे आणि तुम्हाला व्यवहारातलेही कळते. स्टेटमेंट मागवून त्यातले शिल्लक हप्ते मोजणारी माणसे फार थोडी. बहुतेक घरांत महिन्याला किती कापले जातात एवढेच बघितले जाते आणि कर्ज किती वर्षे लांबले ते कळतही नाही. आता तुमचे पंधरा लाख कुठे गेले तेवढे आधी सांगते.

तुम्ही कर्ज घेतले तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोचला. तुमचे व्याज त्याच्यामागून चढले. स्टेटमेंटमधली मे २०२३ ची ओळ काढून बघा. हप्ता २८,५००. त्यातले २६,८५३ रुपये व्याजात गेले आणि मुद्दल फिटले फक्त १,६४७ रुपये. एवढी ओढाताण करून महिनाभर बाजूला काढलेल्या पैशातून घराचे म्हणून सोळाशे रुपये फिटले. पुढची दोन-अडीच वर्षे असेच चालले. कंपनीने हप्ता थोडासाच वाढवला आणि उरलेला सगळा भार मुदतीवर ढकलला. तुम्ही २० वर्षांचे, म्हणजे २४० हप्त्यांचे कर्ज घेतले होते. त्यातले ५४ हप्ते भरून आज २८४ शिल्लक आहेत. ह्याच गतीने गेलात तर कर्ज संपेल तेव्हा तुमचे यजमान पासष्टीच्या घरात असतील आणि नोकरी सुटून सहा-सात वर्षे झाली असतील.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरत आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ झाला. एकूण सव्वा टक्का कमी. तुम्हाला त्यातला पाऊण टक्कासुद्धा मिळालेला नाही आणि त्याला कारण आहे. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेली फ्लोटिंग गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा बँकेला दर बदलावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही. त्या स्वतःचा मूळ दर स्वतःच ठरवतात. चढताना तो चटकन चढतो, उतरताना त्यांच्या सवडीने उतरतो, आणि नव्या गिऱ्हाइकाला जो दर देतात तो जुन्याला मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून आता मागायची वेळ आली आहे.

आधी कंपनीलाच लेखी पत्र द्या. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या कर्जदात्यांना, म्हणजे तुमच्या कंपनीलाही, सांगितले आहे की व्याज बदलले की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे करायचे, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. तुम्हाला विचारले होते का? नसेल तर तेही पत्रात लिहा. जुना दर सोडून चालू दरावर येण्यासाठी ह्या कंपन्या काही फी घेतात. ती किती आणि फी भरल्यावर दर नेमका किती होईल, दोन्ही लेखी मागा. मात्र सव्वाआठ टक्के देतो म्हणाले तर हुरळून जाऊ नका. २८,५०० हप्त्याने सव्वाआठला सुमारे २३६ हप्ते लागतात, साडेसातला २०९. सत्तावीस हप्त्यांचा, म्हणजे साडेसात लाखांहून जास्त रकमेचा फरक आहे. कंपनी पावणेआठच्या खाली आली तरच तिथे राहण्याचा विचार करा, कारण मग कर्ज हलवण्याचा खर्च आणि धावपळ वाचते.

त्या २ टक्के दंडाला भिऊ नका. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, बँकेला नाही आणि हाउसिंग फायनान्स कंपनीलाही नाही. मंजुरीपत्रात ‘फ्लोटिंग’ लिहिले आहे ना तेवढे बघून घ्या, आणि दंड मागणाऱ्याला म्हणा, हे लिहून द्या. सहसा तिथेच विषय संपतो.

आता मुख्य गोष्ट. बँकेने तुम्हाला २४,५३४ चा हप्ता दाखवला, दर महिन्याला चार हजार वाचतात हे ऐकून बरे वाटते आणि बहुतेक जण तिथेच सही करतात. पण ते पंचवीस वर्षांचे नवे कर्ज आहे. २४,५३४ गुणिले ३०० म्हणजे ७३ लाख ६० हजार. आज आहे तिथेच राहिलात तर एकूण ८१ लाख भराल. म्हणजे दीड टक्क्याहून जास्त व्याज कमी होऊनही वाचले साडेसात लाखच. तेच कर्ज त्या नव्या बँकेतच न्या, दर तोच साडेसात, पण बँकेला सांगा की हप्ता मला २८,५०० च ठेवायचा आहे. २०९ हप्त्यांत, सतरा वर्षे पाच महिन्यांत, कर्ज संपते. एकूण भरणा ५९ लाख ६० हजारांच्या आसपास. वाचले एकवीस लाखांवर. तुमच्या महिन्याच्या खर्चात एका रुपयाचाही फरक पडत नाही, कारण एवढा हप्ता तुम्ही आजही भरताच आहात.

म्हणून अर्जात मुदतीच्या रकान्यात ‘३००’ लिहू देऊ नका. २१० लिहायला लावा. बँकेचा माणूस म्हणेल, मुदत जास्त ठेवा, जमेल तसे मधे भरा. असे मधे भरणे मनात असूनही होत नाही. मुलीची फी येते, गाडी येते, लग्नकार्य येते.

आणखी एक. एफडीतले १ लाख रुपये कर्ज हलवतानाच मुद्दलात भरा. तेवढ्यानेच बारा हप्ते कमी होतात आणि कर्ज यजमानांच्या निवृत्तीच्या आत, सत्तावन्न वर्षे होऊन काही महिने झाले असतील तेव्हा, संपते. उरलेल्या दोन लाखांना हात लावू नका. ७८ हजारांतून २८,५०० गेल्यावर घरात आजारपणासाठी एवढे तरी असायलाच हवेत.

कर्ज हलवण्याच्या खर्चाबद्दल थोडक्यात. प्रोसेसिंग फी माफ म्हणतील, पण वकिलाची तपासणी, मूल्यांकन, गहाण नोंदवण्याचे मुद्रांक, ह्यांचे आकडे आधी कागदावर घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक कर्जदात्याला सगळे खर्च धरून एकूण वार्षिक दर सांगणारे एक मुख्य माहितीपत्रक द्यावे लागते. ते मागा आणि सही करण्याआधी घरी आणून वाचा. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी गळ्यात मारायचा प्रयत्न होईल आणि तिचे पैसे कर्जातच मिळवतील, म्हणजे विम्यावरही सतरा वर्षे व्याज. ती सक्तीची नाही. यजमानांच्या नावावर वेगळा टर्म विमा मात्र जरूर घ्या, कर्जाच्या रकमेपेक्षा मोठा. कर वाचतो म्हणून कर्ज लांबवा असे कोणी सांगितले तर तेही सोडून द्या. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाहीच. जुन्या पद्धतीत आहे ती प्रत्येक सहकर्जदाराला २ लाखांपर्यंत, पण करात वाचतो तो भरलेल्या व्याजाचा एक भागच.

आता प्लॉट. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण खरा धोका इथे आहे.

यजमान पाच हजार जास्त म्हणतात, पण हप्ता २८,५०० च ठेवून मुदत आवळता आली असती, ती संधीही त्या पाच हजारांबरोबर जाते. १२ लाखांच्या टॉप-अपचा हप्ता ९,२६२, पंचवीस वर्षे. म्हणजे बारा लाखांचा प्लॉट पावणेअठ्ठावीस लाखांना पडतो. फ्लॅट निदान राहायला होतो, भाड्याने देता येतो. मोकळ्या प्लॉटचे भाडे येत नाही. वर कुंपण घाला, झाडी साफ करा, कोणी आत घुसत नाही ना ते बघायला कुर्टीहून पेडण्यापर्यंत जा.

दुसरे, बँकेने १२ लाखांचे टॉप-अप तोंडी सांगितले आहे. तीस लाखांपासून पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर कर्ज देता येत नाही, आणि टॉप-अप धरूनही बँका सहसा ह्याच मर्यादेत राहतात. दोन्ही मिळून ४५ लाख २० हजार हवे असतील तर तुमचा फ्लॅट साडेछप्पन लाखांचा ठरायला हवा. तुम्ही तो ४४ ला घेतला आहे. आसगाव, शिवोली, हणजूण इथले भाव ऐकून आपल्याला वाटते की गोव्यात सगळेच घर दुप्पट झाले. पण तिथे दिल्ली-मुंबईचा माणूस सुट्टीचे घर घेतो, पुष्कळदा रोख. फोंडा, डिचोली, साखळीत पगारदार माणूस कर्ज काढून राहायला घर घेतो आणि भाव त्याच्या हप्त्याच्या ऐपतीपलीकडे पळत नाही. मूल्यांकन करणारा तुमच्या इमारतीतले आणि शेजारचे झालेले व्यवहार बघणार, किनाऱ्यावरचे नाही. तेव्हा टॉप-अप मिळणारच असे धरून टोकन दिले आणि मूल्यांकन कमी आले, तर ५० हजार गेलेच म्हणून समजा.

आणि तिसरे, ज्यावर तुम्ही यजमानांशी बसून बोलायला हवे. त्याच बँकेकडे जा आणि सरळ विचारा, ह्या प्लॉटवर प्लॉटचे म्हणून कर्ज द्याल का? प्लॉटसाठीही कर्ज मिळते. ते देताना बँकेचा वकील मालकी तपासतो, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) बघतो, झोन (जमीन कशासाठी राखलेली आहे ते) बघतो. टॉप-अप देताना तो प्लॉटचा एक कागदही उघडणार नाही, कारण बँकेला गहाण तुमचा फ्लॅट मिळतो. प्लॉट खोटा निघाला तरी बँकेचे काही बिघडत नाही. तुमचे राहते घर मात्र त्यात अडकलेले असते. बँक प्लॉटवर कर्ज नाकारत असेल, तर का नाकारते ते ऐकल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

मोपाला डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडणे तालुक्यात प्लॉट पाडणाऱ्यांची रांग लागली. चांगले व्यवहार आहेत, पण फसलेलेही बरेच. जमिनी बळकावण्याची प्रकरणे इतकी झाली की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमावे लागले. तुमच्या प्लॉटचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या कब्जात आहे आणि कुळ कोण ते दाखवणारा सरकारी कागद, ऑनलाइन निघतो. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात कोण आहे बघा. विकणाऱ्याच्या आजोबांचे नाव असेल, तर वारसाची इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वाटणी) किंवा सक्सेशन डीड (वारस कोण ते ठरवणारा दस्त) झाले आहे का विचारा. वाटणी झालेली नसेल तर सगळे वारस आणि त्यांचे नवरे-बायका, सगळ्यांच्या सह्या लागतात. एक पोर्तुगालला आहे, एक मुंबईला आहे, नंतर घेऊ, हे ऐकून घेऊ नका. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर परतच या. कुळ कायद्याने कुळाकडे आलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही, आणि भातशेती तर २०२३ च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही. मग नगरनियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट. सेटलमेंट (वस्तीसाठीची जमीन) लिहिले असेल तर ते मूळ प्रादेशिक आराखड्यातले आहे की मागाहून नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली बदललेले, हेही विचारा. त्या कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले आहेत. असा प्लॉट तुमच्यासारख्यांनी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच सर्व्हे नंबरात वीस-पंचवीस प्लॉट पाडले असतील तर ५०० चौरस मीटरवरच्या अशा प्रकल्पाला गोवा रेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. विकणाऱ्या एजंटलाही लागते. नंबर मागा आणि रेराच्या संकेतस्थळावर तपासा. नंबर नाही म्हणून ‘अविभाजित हिस्सा’ नावावर करून देतो म्हणाला, तर तुम्हाला प्लॉट मिळत नाही. एका मोठ्या जमिनीत अनोळखी लोकांबरोबर वाटा मिळतो, ज्यावर उद्या घर बांधायची परवानगी मिळेलच असे नाही.

तुमच्या सहीबद्दल. लागेल, आणि दोन कारणांनी. डीडवर आणि कर्जात तुमचे नाव आहे हे एक. दुसरे, नाव नसते तरी लागली असती. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता पती-पत्नी दोघांची समाईक असते, आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर विकता किंवा गहाण टाकता येत नाही. आज महाराष्ट्रातल्या बहिणीला हे कवच नाही, तुम्हाला आहे. पण सही केलीत की १२ लाखांच्या कर्जाला तुम्हीही तेवढ्याच बांधील. म्हणून न पटता सही करू नका, आणि नाही म्हणताना भांडू नका. आकडे लिहिलेला कागद समोर ठेवा. यजमानांना आपल्या मातीत जमीन असावीसे वाटते, त्यात चूक काही नाही. कर्ज सत्तावन्नव्या वर्षी संपते आणि त्याआधी मुलीचे शिक्षण उरकते, हे दिसले की तेही शांत होतील असे मला वाटते. पगार वाढेल तसे वेगळे साठवा. पाच-सहा वर्षांनी हातात रोख असताना कागद पक्के असलेला प्लॉट बघायला मीच सांगेन.

कर्ज हलवायचे ठरले की कंपनीकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणारे) आणि जमा असलेल्या कागदांची यादी घ्या, आणि यादी नीट पडताळा. मूळ सेल डीड, पंचायतीचा ऑक्युपन्सी दाखला, बिल्डरच्या पावत्या, घरपट्टी तुमच्या नावावर झाल्याचा कागद. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावेच लागतात, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावे लागतात. हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. नव्या बँकेचा चेक कंपनीला पोचला त्या तारखेची पोच जपून ठेवा.

पाडव्याच्या टोकनचे तेवढे लगेच करा. दिरांना आजच सांगा की उतारा, झोनिंग सर्टिफिकेट आणि रेरा नंबर हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. तरीही घरात ऐकले नाही आणि पैसे द्यायचेच ठरले, तर रोख देऊ नका. चेकने द्या, आणि कागद न पटल्यास किंवा बँकेने कर्ज न दिल्यास पूर्ण रक्कम परत, असे विकणाऱ्याच्या सहीनिशी पावतीवर लिहून घ्या. तेवढे लिहून द्यायला तो तयार नसेल तर चेक घरीच ठेवा.